जीवशास्त्र घेतलं की गणित सुटतं?

विज्ञानाचे विषय निवडताना हा सल्ला हमखास मिळतो: गणित जमत नसेल तर जीवशास्त्र घे. पाठांतरावर निभावतं म्हणे!

पण तसं नाही. आनुवंशिकतेचा पाया घालणाऱ्या मेंडेलचंच बघा. वाटाण्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याने दाणे अक्षरशः मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. १८६६ साली छापलेला त्याचा आनुवंशिकतेचा नियम या गुणोत्तरातूनच निघाला. पुढे प्रबळ गुण (संकरात वरचढ ठरणारा, जसा इथे गोलपणा) आपोआप सगळीकडे पसरेल का, असा वाद झाला. तसं होत नाही हे दाखवून तो १९०८ मध्ये हार्डी या गणितज्ञाने शाळकरी बीजगणिताने मिटवला (वाइनबर्ग या डॉक्टरनेही स्वतंत्रपणे तेच उत्तर काढलं होतं).

शाळेतल्या जीवशास्त्रात आकडेमोड कमी असते, एवढं मात्र खरं. पण संभाव्यता, आलेख, टक्केवारी तिथेही टाळता येत नाहीत.