ॲक्टिव्ह पॅकिंग की स्मार्ट पॅकिंग? एक राखतं, दुसरं नुसतं सांगतं

हल्ली नैसर्गिक पॅकिंगबद्दल काही वाचायला घेतलं की हे दोन शब्द जोडीनेच येतात आणि लोक दोन्हींचा अर्थ एकच धरून चालतात, पण कामं पार वेगळी आहेत. खाऊच्या पाकिटात 'खाऊ नये' लिहिलेली छोटी पुडी असते ना, तिच्यात बऱ्याचदा लोखंडाची पूड असते, ती गंजताना आतला ऑक्सिजन ओढून घेते. हे ॲक्टिव्ह. स्मार्टवालं काहीच करत नाही, आत काय चाललंय ते बाहेर दाखवतं, बस्स. युरोपच्या ४५०/२००९ नियमातही दोन्ही वेगवेगळीच धरलीत.

आता आपल्या गोव्यातलंच घ्या. सुंगटं (कोळंबी) सोलली की सालं कचऱ्यात. त्याच सालांतून आधी ॲसिड, मग कॉस्टिक सोडा वापरून कायटिन काढतात, ते परत कडक सोड्यात तापवलं की कायटोसान होतं, ते व्हिनेगरसारख्या पातळ ॲसिडमध्ये विरघळवून पसरून वाळवलं की फिल्म तयार. कायटोसान जंतूंची वाढ रोखतं, म्हणजे ही ॲक्टिव्ह फिल्म. 

आता ह्याच फिल्ममध्ये सरबत गाळून उरलेल्या कोकमाच्या सालांचा रंग घाला, म्हणजे अँथोसायनिन. मासा नासायला लागला की ट्रायमिथिलअमाइन, अमोनिया असले वायू सुटतात, ते अल्कली, त्यांनी लाल रंग निळसर-हिरवटाकडे वळतो. घरी बघायचं तर कोकमाच्या पाण्यात खायचा सोडा थोडा थोडा टाकत जा, रंग बदलेपर्यंत. हा रंग म्हणजे स्मार्ट भाग. एकाच फिल्ममध्ये दोन्ही कामं, गोंधळ होतो तो इथेच.

आणि तो महागात पडू शकतो. रंग बदलला नाही म्हणजे मासा चांगला, असं अजिबात नाही. बांगडा बर्फाशिवाय तापत राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं, ते हवेत उडत नाही, शिजवून जात नाही, वास ठीक असला तरी असू शकतं, मग फिल्मला कळणार कसं? बांगड्याला बर्फाशिवाय इलाज नाही.

राहिलं बायोडिग्रेडेबल, म्हणजे कुजून जाणारं, तो तिसराच मुद्दा. ती लोखंडाची पुडी ॲक्टिव्ह खरी, पण लोखंड भरलेलं असतं बहुतेक प्लास्टिकच्याच पाकिटात. कायटोसान मातीत कुजतं, पण आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ती फिल्म पाणी पिऊन ढिली पडते, आणि ते टाळायला वर प्लास्टिकचा थर चढवला की कुजायचं विसराच.