लॉग फाइल : डीफॉल्ट मांडणी

सॉफ्टवेअर चालू असताना घडणाऱ्या घटनांची वेळेनिशी ठेवलेली नोंद म्हणजे लॉग. ती कुठे, किती बारकाईने व किती काळ ठेवायची, हे पॅकेजकर्त्याने (सॉफ्टवेअर बसवण्याजोगे बांधून देणाऱ्याने) आधीच ठरवून दिलेले असते. बसवणारा ते सहसा बदलत नाही.

जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून पाण्यात सोडत त्या ओंडक्यावरून हा शब्द आला, असे सामान्यतः मानतात. युनिक्स कार्यप्रणालीवरील सिसलॉग हा लॉग गोळा करणारा प्रोग्रॅम एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिला. त्याचा काळ १९८०च्या दशकाचा पूर्वार्ध मानणे सयुक्तिक. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक रीतींचे क्रमांकित दस्तऐवज; त्यांपैकी आरएफसी ३१६४ने (२००१) केवळ रूढ वापराचे वर्णन केले. प्रमाण ठरले ते आरएफसी ५४२४ने (२००९). म्हणून जुन्या वळणाच्या नोंदीत वर्ष नसते, कालविभागही (टाइम झोन) नसतो. तीव्रतेच्या पातळ्या ० (सर्वांत गंभीर) ते ७. रोजच्या वापराला ६ (माहिती) पुरते, ७ (डीबग) दोष शोधण्यापुरतीच.

आकारमर्यादेचा हिशेब आधी मांडावा. सांगली-साताऱ्याकडे गाळप हंगामात कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. दिवसाला ८०० खेपा, खेपेला लॉगच्या ५० ओळी, ओळ २०० बाइटची धरली तर रोज ८ एमबी होतात. डीबग चालू राहून काट्याचा आकडा सेकंदाला १० वेळा नोंदला गेला, तर त्याचेच रोज सुमारे १७३ एमबी. १२० दिवसांत २० जीबीवर. १० एमबीच्या १० फाइली ठेवल्यास पहिल्या स्थितीत १२ दिवसांचा मागोवा मिळतो, दुसरीत जेमतेम १४ तासांचा.

डेबियन या लिनक्स प्रणालीत लॉगरोटेटची (चालू लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणारा, म्हणजे फेर करणारा प्रोग्रॅम) मूळ मांडणी आठवड्याला एक फेर व ४ जुन्या प्रती अशी आहे. एकच चूक अखंड नोंदवली जाऊ लागली, तर आठवडा उलटण्याआधीच डिस्क भरते. डॉकर या प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या जेसन-फाइल या लॉग-पद्धतीला मुळात मर्यादाच नाही. लिनक्सवरचा जर्नलडी हा लॉग ठेवणारा प्रोग्रॅम मात्र फाइलप्रणालीच्या १० टक्क्यांवर, फार तर ४ जीबीवर थांबतो. हे धोरण अधिक शहाणपणाचे.

फाइलचे नाव बदलले तरी प्रोग्रॅम उघडी असलेली जुनीच फाइल लिहीत राहतो. ती मिटवली तरी जागा सुटत नाही : डीएफ (डिस्कवरची एकूण वापरलेली जागा दाखवणारी आज्ञा) डिस्क भरल्याचे सांगते, डीयूला (फाइलींचे आकार मोजणारी आज्ञा) काही सापडत नाही. फेर झाल्यावर प्रोग्रॅमला फाइल नव्याने उघडण्याचा संकेत द्यावा. कॉपीट्रंकेट (फाइलची नक्कल करून मूळ फाइल रिकामी करणे) सोपे, पण नक्कल व रिकामी करणे यांच्यामधल्या ओळी हरवू शकतात.

वेळ +०५:३० (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासून भारतीय वेळेचे अंतर) सह लिहावी. नुसत्या यूटीसीत ५ जानेवारीच्या पहाटे २ची खेप ४ जानेवारी २०:३० अशी दिसते आणि काटापावतीशी तारीख जुळत नाही.

फाइलची परवानगी ०६४० (मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला फक्त वाचणे, इतरांना काही नाही). पासवर्ड, आधार वा शेतकऱ्याचा खातेक्रमांक लॉगमध्ये नसावा. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश ज्यांना लागू आहेत, त्यांनी लॉग १८० दिवस राखायचे असतात. वरची १०० एमबीची मर्यादा ठेवायची, तर जुन्या फाइली मिटण्याआधी दुसऱ्या यंत्रावर हलवाव्या लागतात.