केंद्रीय विद्यालय की नवोदय? आधी मुलाची तिसरी-चौथी बघा

‘भाच्याला सेंट्रलला टाकायचंय, ती नवोदयची परीक्षा कधी असते हो?’ सेंट्रल म्हणजे केंद्रीय विद्यालय, नवोदय वेगळंच. एका दमात दोन शाळा! नाशिकमध्ये हा घोळ नेहमीचाच. दोन्ही केंद्र सरकारच्या, दोन्हीकडे सीबीएसई, त्यामुळे लोक एकीचं नाव घेतात आणि दुसरीची माहिती विचारतात.

केंद्रीय विद्यालयं १९६३ साली सुरू झाली ती बदलीच्या नोकरीतल्या आईबापांसाठी. जवानाची पठाणकोटहून देवळालीला बदली झाली तरी पोराचा अभ्यासक्रम तोच राहावा, एवढा साधा हेतू. म्हणून आपल्याकडच्या शाळा कुठे आहेत बघा: नेहरूनगरला सिक्युरिटी प्रेसच्या वसाहतीत, देवळालीत लष्कराजवळ, ओझरला हवाई दलाच्या तळाशी. पहिलीच्या प्रवेशाला परीक्षा नाही. आधी केंद्राचे कर्मचारी, मग केंद्राचे सार्वजनिक उपक्रम, मग राज्य सरकारचे, सगळ्यात शेवटी बाकीचे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांमध्येही गेल्या सात वर्षांत ज्याच्या बदल्या जास्त, तो पुढे. तुम्ही रिक्षा चालवत असाल किंवा दुकान, तरी अर्ज करता येतो, पण रांगेत बरेच मागे असता. अपवाद आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांचा. त्या आसपास राहणाऱ्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना सोडतीने मिळतात. मुलं सकाळी जातात, दुपारी घरी येतात.

नवोदयचं गणितच उलटं. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. कल्पना अशी की खेड्यातल्या हुशार पोराला चांगली शाळा फुकट मिळावी. तिथे बापाची नोकरी कुणी विचारत नाही. जिल्ह्याला साधारण एक शाळा, आपली दिंडोरी तालुक्यात खेडगावला. सहावीपासून बारावीपर्यंत तिथेच राहायचं. जेवण, कपडे, पुस्तकं सरकारची. जागा जास्तीत जास्त ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या आणि एकतृतीयांश मुलींच्या. पाचवीत असताना परीक्षा: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीचे. पेपर मराठीतही असतो. त्यामुळे झेडपीच्या शाळेत शिकलं म्हणून पोर मागे पडत नाही. उलट अनेक झेडपी शाळांचे गुरुजी शिष्यवृत्तीसोबत नवोदयचीही तयारी करून घेतात.

आता खरा घोटाळा. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेतच झालेली लागतात. या तीन इयत्तांत एक दिवस जरी मूल शहरातल्या शाळेत होतं, तरी ते शहरी उमेदवार. निफाडकडचे किती तरी पालक चौथीत मुलाला ‘चांगल्या शाळेसाठी’ नाशिक शहरात सिडकोत मामाकडे ठेवतात आणि पाचवीत नवोदयचा फॉर्म भरायला बसतात. तोवर ७५ टक्क्यांचं दार बंद झालेलं असतं. मग जन्मगाव, सातबारा, आजोबांचं घर काही उपयोगाचं नाही, हिशेब शाळेच्या पत्त्याचा. बरं, परीक्षा एकदाच. पाचवी पुन्हा केली तरी दुसऱ्यांदा बसता येत नाही.

पैशाचं म्हणाल तर केंद्रीय विद्यालयात विद्यालय विकास निधी महिन्याला ५०० रुपये. नवोदयात आठवीपर्यंत काहीच नाही. नववीपासून बहुतेकांना महिन्याला ६०० रुपये, तेही मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ.

एक गोष्ट पालकांना उशिरा कळते. नवोदयात नववीची काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. खेडगावला पोर आहे म्हणून दर महिन्याला भेटून येऊ, असं धरून बसलेल्या आईला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आणि पाचवीची संधी हुकलीच असेल, तर नववी आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात. जागा थोड्या, पण आठवीतल्या मुलाने नववीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला काय हरकत आहे?