देशाला आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडायचंय? पात्रता, कागदपत्रं, मुदत आणि अर्ज नेमका कुठे अडतो

दर दोन-चार महिन्यांनी कुठला तरी राष्ट्राध्यक्ष माईकसमोर उभा राहून सांगतो की आम्ही अमुक संघटनेतून तात्काळ बाहेर पडतोय, आणि मग इकडे आपल्या फॅमिली ग्रुपवर पण काका लोक सुरू होतात की भारताने पण युनो सोडून द्यावं, काय उपयोग आहे तिचा. राग खोटा नाहीये. पाच देशांकडे व्हेटो आणि बाकीच्यांनी भाषणं ठोकायची, हे कोणाला पटणार? पण एक आठवण करून देतो, डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात गेलं तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने मागे फिरावं असा ठराव आला होता, बहुमतही होतं त्याला, आणि तो पडला तो सोव्हिएत रशियाच्या व्हेटोमुळे. असो. सोडायचं की नाही हा वाद नंतर घाला, आधी सोडतात कसं ते बघा, कारण "तात्काळ" हा शब्द यातल्या जवळपास कुठल्याच अर्जात चालत नाही.

पात्रता

सदस्य असाल तरच बाहेर पडता येतं, हे सांगायला नको, पण सांगतो. भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा (नरसंहार, युद्धगुन्हे असल्या केसेस चालवणारं कोर्ट) सदस्य कधी झालाच नाही, तरी "भारताने त्यातून बाहेर पडावं" असे मेसेज फिरतात.

दुसरं म्हणजे ज्या संघटनेतून निघायचंय तिच्या घटनेत बाहेर पडायचं कलम आहे का ते बघा. युनोच्या सनदेत असं कलमच नाही! युनोच्या आधी जो राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) होता त्यात होतं, दोन वर्षांची नोटीस द्यायची, जपानने १९३३ मध्ये दिली, त्याच वर्षी जर्मनीने दिली आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. १९४५ मध्ये सनद लिहिताना ते कलम ठेवलंच नाही. तरी इंडोनेशियाने जानेवारी १९६५ मध्ये पत्र दिलं, कारण काय तर मलेशियाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाली. इंडोनेशियाची पाटी निघाली, झेंडा उतरला. सप्टेंबर १९६६ मध्ये इंडोनेशियाची तार आली की आम्ही परत सहकार्य सुरू करतोय, आणि युनोने ठरवलं की तुम्ही बाहेर गेलाच नव्हता, मधे फक्त सहकार्य बंद होतं. नवीन अर्ज नाही, काही नाही, वर्गणीचा हिशोब तेवढा बसून करावा लागला. म्हणजे घर सोडून गेलेला माणूस दीड वर्षाने परत आला आणि घरचे म्हणाले, जेवायला बस.

कागदपत्रं

खरं तर एकच कागद, लेखी पत्र. भाषण चालत नाही, ट्वीट चालत नाही, पत्रकार परिषद तर नाहीच. सही राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्र्याची, दुसऱ्या कोणी केली तर त्याच्याकडे अधिकारपत्र मागू शकतात.

पत्र कोणाला द्यायचं यात पण लोक चुकतात. फौजदारी न्यायालय हेगला आहे पण पत्र जातं न्यूयॉर्कला, युनोच्या सरचिटणीसांकडे. देवमाशांच्या शिकारीवरचा जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे त्याचं ऑफिस इंग्लंडमध्ये, पत्र मात्र अमेरिकन सरकारला द्यायचं, कारण मूळ कराराचा कागद त्यांच्याकडे ठेवलाय. का, तर १९४६ मध्ये तसं ठरलं म्हणून. सरकारी काम आहे, का विचारू नका.

आता तो कागद जो कोणाकडेच तयार नसतो आणि ज्याच्यावाचून अर्ज लटकतात, तो म्हणजे स्वतःच्याच संसदेची मंजुरी. दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०१६ मध्ये फौजदारी न्यायालय सोडायचं पत्र दिलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्याच हायकोर्टाने सांगितलं की संसदेला न विचारता दिलेलं हे पत्र घटनाबाह्य आहे, मार्चमध्ये सरकारला ते मागे घ्यावं लागलं. ब्रिटनचं पण तेच, जून २०१६ ला युरोपियन युनियन सोडायचं जनमत झालं, सरकारला वाटलं आता आपण डायरेक्ट पत्र टाकू, जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं आधी संसदेत कायदा करा. पत्र गेलं २९ मार्च २०१७ ला. तेव्हा हा कागद आधी तयार ठेवा, नाहीतर जगासमोर नाक कापलं जातं ते तुमच्याच कोर्टाकडून.

मुदत, इथेच घोडं अडतं

प्रत्येक संघटनेचं कॅलेंडर वेगळं. जागतिक व्यापार संघटना सहा महिने, फौजदारी न्यायालय एक वर्ष, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना दोन वर्षं. हे सोपे.

युनेस्कोचं नीट वाचा. ज्या वर्षी पत्र दिलं त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुम्ही बाहेर. लोक हे "एक वर्षाची नोटीस" असं वाचतात आणि फसतात, कारण जानेवारीत पत्र दिलं तर जवळजवळ दोन वर्षं बसावं लागतं आणि डिसेंबरच्या शेवटी दिलं तर वर्षभरात सुटका. अमेरिकेने पहिल्यांदा सोडलं तेव्हा पत्राची तारीख होती २८ डिसेंबर १९८३. आठवडाभर उशीर झाला असता तर आणखी एक वर्ष वर्गणीचं बिल आलं असतं.

देवमाशांच्या आयोगात तर बाहेर पडायचा दिवस वर्षातून एकच, ३० जून, आणि त्यासाठी पत्र १ जानेवारीपर्यंत पोचायला हवं. जपानने २६ डिसेंबर २०१८ ला दिलं आणि ३० जून २०१९ ला बाहेर पडला. हा माझ्या मते सगळ्यात तयारीने केलेला अर्ज, तारीख बरोबर, आणि आपल्याला काय हवंय ते पक्कं ठरलेलं. आपल्या समुद्रात शिकार सुरू केली, अंटार्क्टिकातली बंद केली. ते योग्य की अयोग्य यावर भांडा हवं तर, पण निघून काय मिळणार याचा हिशोब त्यांनी केला होता.

उलट उदाहरण माली, बुर्किना फासो आणि नायजरचं. जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी टीव्हीवर जाहीर केलं की पश्चिम आफ्रिकेची इकोवास संघटना आम्ही आत्ताच्या आत्ता सोडली. नियम एक वर्षाचा, बाहेर पडले जानेवारी २०२५ च्या शेवटी. त्यातून काही शिकले म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये फौजदारी न्यायालयाबद्दल पण परत तेच, तात्काळ! तिथेही पत्र मिळाल्यापासून एक वर्ष.

थकबाकी

सोसायटीतला फ्लॅट विकताना मेंटेनन्स भरल्याशिवाय एनओसी मिळत नाही ना, तसंच इथे लिहिलेलं असतं, वसूल कोण करणार हा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत पण बाहेर पडायचं कलम नाही, पण अमेरिकेने १९४८ मध्ये सामील होतानाच अट घालून ठेवली की एक वर्षाची नोटीस देऊ आणि चालू वर्षाची वर्गणी पूर्ण भरू. स्वतःचीच अट. जानेवारी २०२६ मध्ये बाहेर पडले, २०२४ आणि २०२५ ची वर्गणी न भरता. एवढा मोठा देश असेल तर हे खपतं, छोट्या देशाने असली हिंमत करू नये, त्याची रिकामी खुर्ची कोणाच्या लक्षात पण येत नाही.

आणि पैशापेक्षा वाईट बाकी म्हणजे जुनी प्रकरणं. पत्र देऊन ती मिटत नाहीत. बुरुंडी २७ ऑक्टोबर २०१७ ला फौजदारी न्यायालयातून सुटणार होता, न्यायाधीशांनी चौकशीला परवानगी दिली २५ ऑक्टोबरला. फिलिपिन्स मार्च २०१९ मध्ये बाहेर पडला, आणि ज्यांच्या सरकारने ते पत्र दिलं त्या माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना मार्च २०२५ मध्ये मनिला एअरपोर्टवर धरून हेगला पाठवलं, कारण आरोप सदस्य असतानाच्या काळातले. केस अंगावर येतेय म्हणून बाहेर पडणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

अर्ज मागे घ्यायचा असेल तर

मुदत संपायच्या आत घेता येतो, दक्षिण आफ्रिकेने घेतला, युरोपियन कोर्टाने तर २०१८ मध्ये ब्रिटनलाही सांगितलं होतं की तुम्ही एकतर्फी मागे घेऊ शकता. मुदत उलटल्यावर मात्र परत दारात उभं राहावं लागतं. अमेरिका युनेस्कोत २००३ ला परतली, २०१८ ला गेली, २०२३ ला परत आली थकबाकी भरायचं कबूल करून, आणि २०२५ मध्ये परत ३१ डिसेंबर २०२६ ला बाहेर पडायचं पत्र दिलं.

सगळ्यात भारी केस उत्तर कोरियाची, ती संघटना नाही, अण्वस्त्रप्रसारबंदी करार आहे, पण राहवत नाही म्हणून सांगतो. नोटीस तीन महिन्यांची. १२ मार्च १९९३ ला दिली आणि एक दिवस शिल्लक असताना ११ जूनला थांबवली. दहा वर्षांनी जानेवारी २००३ मध्ये म्हणाले, तेव्हाची नोटीस भरलेलीच आहे, एकच दिवस राहिलाय, उद्यापासून आम्ही बाहेर. हे धरायचं की नाही यावर बाकीच्या देशांचं एकमत होईना, म्हणून पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी उत्तर कोरियाच्या नावाची पाटी टेबलावर ठेवली नाही आणि काढून पण टाकली नाही, स्वतःजवळ सांभाळून ठेवली.