घरगुती मोबाइल सिग्नल यंत्रांची विक्री (सोलापूर)

घरात मोबाइलची रेंज वाढवण्यासाठी बसवायच्या यंत्रांची किरकोळ विक्री आणि तिच्या आड येणाऱ्या कायदेशीर व तांत्रिक अडचणी. यंत्रे दोन प्रकारची असतात. रिपीटर, बोलीभाषेत ‘बूस्टर’, गच्चीवरच्या अँटेनाने टॉवरची लहर पकडतो आणि तिची ताकद वाढवून घरातल्या अँटेनातून सोडतो. फेम्टोसेल हा स्वतःच एक छोटा टॉवर; तो ब्रॉडबँडवरून मोबाइल कंपनीच्या जाळ्याला जोडलेला असतो.

सोलापुरात ही गरज खरी आहे. माळवदाच्या घरांच्या जाड भिंती उन्हाळा बाहेर ठेवतात, तशा लहरीही अडवतात. यंत्रमागाच्या शेडवरचा पत्रा तर लहर परतवूनच लावतो. 900 मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी आत येते, 2300ची लवकर क्षीण होते. म्हणून ओट्यावर चार काड्या दिसतात आणि माजघरात फोन कटतो.

तरीही बूस्टर विकणे बेकायदा आहे. 1933च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यावरही बंदी घातली. जुलै 2022मध्ये दूरसंचार विभागाने जाहीर सूचनेत स्पष्ट केले, की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे गैर आहे.  रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकृत परवानगी हवी, हे तत्त्व 2023च्या दूरसंचार कायद्यातही आहे. म्हणजे नवी पेठेतला दुकानदार जितका अडकतो, तितकेच विकत घेणारे गिऱ्हाईकही. खोक्यावरचा चाचणीचा शिक्का परवान्याची जागा घेत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे दुकानदाराचे कर्तव्य आहे.

ही बंदी निव्वळ कागदी नाही. मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की शिट्टी बसते. बूस्टरचेही तसेच होते. बाहेरचा आणि आतला अँटेना यांच्यात पुरेसा आडोसा नसला, तर यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकून वाढवत राहते. भिंतीला भिंत लागलेल्या पेठांत इतके अंतर मिळणे अवघड. हा गोंगाट थेट टॉवरच्या लहर पकडणाऱ्या यंत्रणेत शिरतो, आणि टॉवरला दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकू येईनासा होतो. एका घराची सोय होते. फोन तुटतात ते गल्लीतल्या सगळ्यांचे, त्यात रुग्णवाहिकेला लावलेलाही असू शकतो.

अमेरिकेत 2013च्या नियमांनी ठरावीक दर्जाचे बूस्टर कंपनीकडे नोंदवून वापरता येतात. ब्रिटनने 2018मध्ये काही प्रकारांना परवान्यातून सूट दिली. पण परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेले यंत्र इथे कायदेशीर होत नाही, आणि तिथल्या वारंवारता इथल्यांशी जुळतीलच असेही नाही.

फेम्टोसेलची अडचण वेगळी. त्याला लागणारा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, कंपनीने लिलावात घेतलेला असतो.  कंपनीच्या संमतीविना ते यंत्र लहर सोडू शकत नाही, म्हणून ते दुकानाच्या फळीवरचा माल होत नाही. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने 2009पासून घरगुती फेम्टोसेल विकला, तोही स्वतःच्याच ग्राहकांना. ग्राहकाने कंपनी बदलली की असे यंत्र निरुपयोगी.

विक्रेत्याला मोकळा असलेला मार्ग वाय-फाय कॉलिंगचा, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन लावण्याचा. एअरटेलने तो डिसेंबर 2019मध्ये, जिओने जानेवारी 2020मध्ये सुरू केला. सोय असलेला फोन आणि साधा ब्रॉडबँड एवढे पुरते. माजघरातही बोलता येते. मात्र वीज गेली की राउटर बंद, म्हणून सोबत छोटा बॅकअप घ्यावा लागतो. वाय-फाय नसलेल्यांनी कंपनीच्या 198 क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.