पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत

"अंगावरून पांढरं जातंय म्हणजे हाडं वितळतायत, कॅल्शियम घे" असं आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या सांगतात, पण हाडांशी याचा काहीच संबंध नाही, ते पाणी गर्भाशयाच्या तोंडातून आणि योनीतून येतं आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, ताणलं जाणारं असेल तर एकदम नॉर्मल आहे. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुतेक फंगल इन्फेक्शन, त्याला डॉक्टर तपासून क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅचा एक डोस देतात (गरोदर असाल तर हा मनाने घेऊच नका). माशासारखा वास असेल तर बहुतेक बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, त्याला डॉक्टर मेट्रोनिडॅझोल देतात, साधारण ७ दिवस. हिरवट फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास (लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी) असू शकतो, मग नवऱ्यालाही औषध लागतं, हे कुणी सांगतच नाही! आणि आतून साबणाने धुणं प्लीज बंद करा, त्याने चांगले बॅक्टेरिया मरतात आणि त्रास वाढतो.