चिकटलं की शिरलं?

दिवाळीनंतर धुऱ्यावरून चालत घरी आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, कधी टाचेत बाभळीचा काटा रुतलेला असतो. कुसळं झटकली, ओढली की निघतात. काटा झटकून निघत नाही. जंतूचं प्रथिन पेशीला नुसतं चिकटलंय की आत शिरलंय, हे ठरवतानाही आधी झटकूनच पाहावं लागतं, आणि बीएस्सीची मुलं नेमकी हीच पायरी विसरतात.

प्रथिनाला चमकणारा रंग जोडला, पेशींवर सोडलं, मायक्रोस्कोपखाली पेशी हिरवी दिसली की वहीत लिहून मोकळे : 'आत गेलं'. पण पटलाला, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाला, बाहेरून चिकटलेलं प्रथिनही तसंच चमकतं. म्हणून पेशींवर ट्रिप्सिन टाकायचं. ते बाहेरचं प्रथिन तोडतं, आतल्यापर्यंत पोचत नाही. जोडीला पेशींचा एक संच 37 अंशांवर, दुसरा 4 अंशांवर ठेवायचा. थंडीत पेशीचं आत ओढून घेणं जवळपास थांबतं, चिकटणं मात्र चालू राहतं. ट्रिप्सिननंतरही दोन्ही संच सारखेच चमकले, तर निकालावर विसंबू नका.

पाहायचं तेही जिवंत पेशीत. फॉर्मलिनने पेशी मारली की पटलाची राखण सुटते आणि बाहेर चिकटलेलं आत झिरपतं. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनाच्या तुकड्याबाबत हा घोटाळा 2003 साली उघड झाला.

आमच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याला डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूच्या कुळातल्या जंतूंची काही प्रथिनं झाडाच्या पेशीत शिरून काम करतात. ती जंतूच्या मदतीशिवाय शिरू शकतात का, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. इथे पेशीला भिंतही असते. अकरावीच्या प्रॅक्टिकलला रिओच्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवली की जांभळा गोळा भिंतीपासून सुटतो, आठवतं? तीच युक्ती इथे चालते. चमक भिंतीशीच राहिली तर प्रथिन बाहेरच आहे. गोळ्याच्या नुसत्या कडेला दिसली तर शंका कायम.

शिरलेलं प्रथिनही पेशीतल्या पिशवीत अडकलेलं असू शकतं. त्यासाठी सोरी आणि कॉर्नेलिस या शास्त्रज्ञांनी 1994 साली वापरलेली रीत मला सर्वांत चोख वाटते. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं एक विकर तपासायच्या प्रथिनाला जोडायचं. ते सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बनवतं, पण कॅल्मोड्युलिन हे प्रथिन भेटल्यावरच जोमाने चालतं, आणि कॅल्मोड्युलिन जिवाणूत नसतं, आपल्या पेशीच्या द्रवात असतं. पेशीत सायक्लिक एएमपी एकदम वाढलं, की प्रथिन त्या द्रवापर्यंत पोचलेलं असतं.